थर्मोक्रॉन आयबटन: डोंगरावरची थंडी मोजायला हे बटण पुरतं का?

आकाराने एक रुपयाच्या नाण्याहून लहान, जाडीला चार नाणी एकावर एक ठेवल्यासारखं आणि सगळीकडून स्टेनलेस स्टील. थर्मोक्रॉन आयबटन दिसतं घड्याळाच्या फुगीर सेलसारखं. आत सेल आहेच, शिवाय तापमानाचा संवेदक, घड्याळ आणि नोंदी साठवायची जागाही आहे. दर तासाला नोंद घे असं सांगून ते एखाद्या कपारीत ठेवायचं आणि काही महिन्यांनी जाऊन काढायचं. तिथला प्रत्येक तास तुमच्या संगणकावर येतो. हे बटण आधी डॅलस सेमीकंडक्टर कंपनीचं होतं, मग मॅक्सिमचं झालं आणि २०२१ पासून ॲनालॉग डिव्हायसेसकडे आहे. वन्यजीव संशोधनात ते वीसहून अधिक वर्षं वापरात आहे.

हिमालयात प्राणी-पक्ष्यांच्या नोंदी करायला जाणारे नाशिकचे गट, कॉलेजांतले प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्राचे विभाग आणि अंजनेरी-ब्रह्मगिरीवर सातत्याने फिरणारी मंडळी यांच्यासाठी हे परीक्षण लिहिलं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. वस्तू चांगली आहे, पण खोक्यातून काढून थेट डोंगरावर ठेवण्यासारखी नाही. दोन दिवस घरी मेहनत घेणार असाल तरच घ्या. दोन प्रकारांपैकी डीएस१९२२एल घ्या. स्वस्तातल्या डीएस१९२१जी वर वर्षभराचा अभ्यास बेतू नका. कारणं पुढे येतातच.

एवढ्याशा बटणाची गरज का पडते, ते आधी पाहू. हवामान बदलामुळे थंड हवेचे प्राणी डोंगरात वर-वर सरकतायत, हे आता अनेक ठिकाणच्या नोंदींतून दिसलं आहे. २०११ साली जगभरच्या अशा अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. त्यात जीवजाती दर दहा वर्षांत मध्यमानाने ११ मीटर वर आणि ध्रुवांच्या दिशेने सुमारे १७ किलोमीटर सरकल्याचं निघालं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमध्ये १९१४ ते १९२० च्या काळात प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल आणि सहकाऱ्यांनी लहान सस्तन प्राण्यांच्या काटेकोर नोंदी केल्या होत्या. त्याच वाटांवर सुमारे शतकानंतर पुन्हा पाहणी झाली, तेव्हा २८ जातींपैकी निम्म्या जाती सरासरी ५०० मीटर वर गेलेल्या आढळल्या. आपल्याकडे सिक्कीममध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांच्या १८४९-५० च्या नोंदींशी आजची तुलना झाली. १२४ प्रदेशनिष्ठ वनस्पतींपैकी ८७ टक्क्यांची उंचीची सीमा हललेली निघाली.

पण प्राणी सरकतो तो जिल्ह्याच्या सरासरी तापमानाकडे पाहून नव्हे. पायकाचंच घ्या. सशाच्या कुळातला, बिनशेपटीचा, मुठीएवढा हा प्राणी उंच डोंगरात कोसळलेल्या धोंड्यांच्या राशीत राहतो. अमेरिकन पायकाच्या शरीराचं तापमान एरवीच ४० अंशांच्या आसपास असतं आणि आणखी साधारण तीन अंश वाढलं की तो मरतो. उघड्यावर, सावलीचा आसरा न देता ठेवलेले पायका २५ ते २९ अंशांच्या हवेतसुद्धा काही तासांत दगावल्याची नोंद आहे. आपल्या नाशिककराला २८ अंश म्हणजे सुखाची संध्याकाळ! तरीही पायका उन्हाळा काढतो, कारण धोंड्यांच्या फटीत हवा थंड असते. म्हणजे त्याच्या जगण्या-मरण्याचा आकडा हवामान केंद्राच्या पेटीत मिळत नाही, तो दगडाखाली एक मीटरवर असतो. तिथे शिरणारं, वर्षभर टिकणारं आणि परवडणारं यंत्र हवं. आयबटनचं खरं काम हेच.

आता त्यातली मोठी अडचण सांगतो. उंचीबरोबर हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे एक अंश साधारण १५० मीटरच्या चढाएवढा. डीएस१९२१जी ची हमी किती अचूकतेची? अधिक-उणे एक अंश. एका बटणात अर्धा अंश जास्त आणि दुसऱ्यात अर्धा अंश कमी असेल, तर दोन्ही बटणं हमीच्या आतच आहेत. पण तुमच्या तक्त्यात एकाच उंचीवरच्या दोन जागा १५० मीटर अंतराच्या दिसतील. वर दिलेला आकडा आठवा: दहा वर्षांत ११ मीटर. मोजायची गोष्ट अशी बारीक आणि मोजपट्टीच एवढी ढिली असेल, तर निष्कर्ष तुमच्या बटणांबद्दल निघतो, प्राण्याबद्दल नाही. हजारो नोंदींची सरासरी काढली की चूक धुऊन जाते, असा समज सर्रास आढळतो. इथे तो लागू नाही. बटणाची चूक एकाच बाजूला झुकलेली असते, सरासरीतही ती तशीच्या तशी उतरते.

म्हणून प्रकार निवडताना नुसती किंमत पाहू नका. डीएस१९२१जी उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत चालतं, अर्ध्या अंशाच्या पायरीने मोजतं आणि २,०४८ नोंदी साठवतं. दर तासाला एक नोंद धरली तर ८५ दिवसांत जागा संपते. नोंदींमधलं सर्वांत मोठं अंतर २५५ मिनिटांचं ठेवता येतं आणि त्याने जवळजवळ वर्ष निघतं, पण दिवसाला पाच-सहाच नोंदी मिळतात. दुपारच्या दोन तासांचा कहर दोन नोंदींच्या मध्ये निसटतो, तोही कधी सापडतो कधी नाही. त्यावर वर्षभराचं गणित कसं मांडणार? डीएस१९२२एल ची मोजण्याची मर्यादा तीच आहे, पण अचूकता उणे १० ते ६५ अंशांदरम्यान, सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती धरून, अधिक-उणे अर्धा अंश मिळते. नोंदी ढोबळ पायरीने ८,१९२ किंवा बारीक पायरीने, म्हणजे ०.०६२५ अंशाने, ४,०९६ बसतात.

याचा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर मांडा. हिमालयातल्या जागेवर वर्षातून एकदाच जाता येतं आणि जूनमधली भेट पुढच्या वर्षी दरड कोसळल्याने जुलैत ढकलली जाऊ शकते. ढोबळ पायरीने तासाला एक नोंद ठेवली तर ३४१ दिवस मिळतात, वर्षाला २४ दिवस कमी पडतात. दीड तासाचं अंतर ठेवलं तर ५१२ दिवस. दिवसाला बरोबर १६ नोंदी पडतात आणि रोज त्याच वेळी पडतात. बारीक पायरी हवी असेल तर तीन तासांचं अंतर ठेवा, तेही ५१२ दिवसच चालतं. अडीच तासांसारखं अंतर मात्र टाळा. २४ तासांना त्याने नि:शेष भाग जात नाही, नोंदीची वेळ रोज सरकते आणि दिवसाचं कमाल तापमान दिवसागणिक वेगळ्या वेळी धरलं जातं. हिमालयासाठी दीड तास आणि ढोबळ पायरी ही जोडी आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते.

आर्द्रता मोजणारं डीएस१९२३सुद्धा याच घरातलं. सह्याद्रीच्या पावसाळ्यासाठी ते घेऊ नका. हवा दिवसेंदिवस संपृक्त राहिली की त्याचा आर्द्रतेचा संवेदक हळूहळू वरचे आकडे दाखवू लागतो, आणि त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा सुकते कधी?

कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक बटणाची चूक तपासून दुरुस्ती ठरवणं, घरी होतं आणि त्याला बर्फ पुरतो. बर्फाच्या कारखान्यातली किंवा रसवंतीवरची लादी नको, त्यातल्या क्षारांमुळे वितळणबिंदू खाली जातो. शुद्धीकरण यंत्राचं किंवा डिस्टिल्ड पाणी फ्रीजरमध्ये गोठवा, कापडात गुंडाळून बारीक कुटा आणि रुंद तोंडाचा थर्मास काठोकाठ भरा. वरून तेच गार पाणी ओता, पण फटी भरतील एवढंच. बर्फ तरंगू लागला तर पाणी जास्त झालं, ते काढून टाका. तळाशी नुसतं पाणी साचलं की तिथे शून्य राहत नाही, हळूहळू चार अंशांकडे चढतं. इथेच बहुतेकांचं कॅलिब्रेशन चुकतं. बटणांना दर मिनिटाला नोंद घ्यायला लावा, पातळ झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि बर्फाच्या मधोमध खुपसा. अर्धा तास ठेवा, मधूनमधून ढवळा. पहिली १५ मिनिटं सोडून उरलेल्या नोंदींची सरासरी काढा. ती ०.४ आली तर त्या बटणाच्या प्रत्येक नोंदीतून ०.४ वजा करायचे. प्रत्येक बटणाच्या पाठीवर त्याचा स्वतंत्र क्रमांक कोरलेला असतो, त्याच क्रमांकापुढे ही दुरुस्ती लिहा. बर्फाचं काम बारीक पायरीवर करा. अर्ध्या अंशाच्या पायरीवर ०.४ आणि ०.१ यांतला फरक कळतच नाही, आणि डीएस१९२१जी नाकारण्याचं हे आणखी एक कारण.

शून्यावर बरोबर असलेलं बटण ३५ अंशांवर चुकू शकतं. म्हणून दुसरा बिंदू कोमट पाण्याचा घ्या: तोच थर्मास, सगळी बटणं एकत्र आणि मध्ये कॉलेजच्या प्रयोगशाळेतला प्रमाणित काचेचा तापमापक. हीच दोन्ही कामं बटणं परत आल्यावर पुन्हा करायची. जाताना आणि येताना दुरुस्ती वेगळी आली तर बटण मध्ये कुठेतरी सरकलं असं समजा. त्याच्या नोंदी वापरायच्या की नाही, हे तेव्हा ठरवता येतं. परतीचं कॅलिब्रेशन बहुतेक जण करत नाहीत आणि पुढच्या वर्षीच्या तुलनेला मग पायाच राहत नाही. ज्यांच्या ओळखीचं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे त्यांना शीतगृहात बटणं ठेवून तपासायचा मोह होईल. तिथली हवा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना वर-खाली होत राहते, थर्मासच बरा.

बटण ठेवण्याची जागा आणि पद्धत हा या वस्तूचा सर्वांत नाजूक भाग आहे. स्टीलवर थेट ऊन पडलं की ते हवेचं तापमान दाखवत नाही, स्वतःचंच दाखवतं आणि ते हवेपेक्षा सहज दहा अंशांनी जास्त असू शकतं. कंपनी सोबत कुठलीही सावली देत नाही, आमच्या मते ही या वस्तूची खरी उणीव. हवेचं तापमान हवं असेल तर सावली स्वतः करा. ७५ मिलिमीटर व्यासाच्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा १५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. त्याच्या आत ५० मिलिमीटरचा तेवढाच तुकडा बसवा. दोन्हींच्या मध्ये हवा खेळली पाहिजे, म्हणून तीन स्क्रूंनी मधोमध धरा. नळी आडवी ठेवा, दोन्ही तोंडं उत्तर-दक्षिण ठेवा, पूर्व-पश्चिम नकोत. वरून पांढऱ्या पत्र्याचं किंवा प्लास्टिकच्या ताटाचं छप्पर द्या, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं कललेलं ऊन आत शिरत नाही. बटण आतल्या नळीच्या मध्यावर, भिंतीला न टेकता लटकलं पाहिजे. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंची ठेवा आणि सगळ्या जागी तीच ठेवा. करडा पाइप वापरू नका, तो तापतो.

कपारीत सावली आयतीच असते, पण तिथे वेगळी चूक होते. बटण दगडाला टेकलं की ते दगडाचं तापमान मोजतं. कधी तेच हवं असतं, कधी नको असतं. काय हवं ते आधी ठरवा आणि वहीत लिहा. फटीतली हवा मोजायची तर बटण प्लास्टिकच्या फॉबमध्ये, म्हणजे अडकवायच्या पकडीत (डीएस९०९३) बसवून एक मिलिमीटरच्या जीआय तारेने लोंबतं ठेवा. नायलॉनची दोरी नको, उंदीर-घुशी ती कुरतडतात आणि बटण फटीत खोल पडतं. ते पुन्हा मिळत नाही. सप्तशृंगी, त्र्यंबक या बाजूला माकडांचा प्रश्न मोठा आहे. चकचकीत काही दिसलं की ते काढलं जाणारच. फॉबला आणि तारेला मळकट रंग द्या, बटणाच्या स्टीलला देऊ नका.

आता नाशिकच्या डोंगरांवर याचा उपयोग काय, ते पाहू. इथे बर्फावर जगणारा प्राणी नाही, हे उघड आहे. पण डोंगरमाथ्यावर अडकलेले जीव आहेत. अंजनेरीचं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, शास्त्राला माहीत झालं २००६ मध्ये, आणि ते मोजक्या माथ्यांवरच उगवतं. त्याला नेमकी कोणती हवा लागते हे कळायचं तर त्याच्या मुळाशी आणि पानांच्या उंचीवर वर्षभर मोजायला हवं. सह्याद्रीत वर सरकायला जागाही फार उरत नाही. अंजनेरी-ब्रह्मगिरी १३०० मीटरच्या आसपास, साल्हेर १५६७, कळसूबाई १६४६; त्यापुढे नुसतं आकाश. पेरू देशातल्या पांतियाकोया नावाच्या १४०० मीटरच्या डोंगरधारेवर १९८५ मध्ये पक्ष्यांची पाहणी झाली होती आणि २०१७ मध्ये ती पुन्हा केली गेली. मधल्या काळात तापमान अर्ध्या अंशाहून कमी वाढलं होतं, तरी केवळ माथ्यालगत राहणाऱ्या जातींपैकी काही सापडल्याच नाहीत. त्या डोंगराची उंची आपल्याच डोंगरांसारखी आहे, म्हणून तो दाखला मनातून जात नाही.

इथे आणखी एक गोष्ट बटणाशिवाय कळत नाही. उंच म्हणजे थंड, हा नियम नाशिकच्या हिवाळ्यात रात्री उलटा फिरतो. निफाडचा पारा सगळ्यात खाली का जातो, हे द्राक्षवाल्याला विचारा. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन उष्णता वर फेकून गार होते, तिला टेकलेली जड हवा उतारावरून ओघळून सखल भागात साचते. पहाटे नदीकाठचा मळा गारठलेला असतो आणि त्याच वेळी डोंगराचा मधला उतार काही अंशांनी उबदार असतो. बागेत शेकोट्या पेटवायच्या त्या याच थंडीच्या भीतीने. म्हणजे ‘१५० मीटरला एक अंश’ हे सूत्र सरासरी हवेसाठी ठीक आहे, डिसेंबर-जानेवारीच्या किमान तापमानासाठी नाही. थंड हवेच्या जिवाला ऊन वाढल्यावर वरच पळावं लागतं असंही नाही, खोल घळीत किंवा उत्तरेकडच्या कड्याच्या पायथ्याशी त्याला आसरा मिळू शकतो. अशी जागा नकाशावर दिसत नाही. ती शोधायची तर एका डोंगरावर किमान सहा बटणं लागतात: पायथा, मधला उतार आणि माथा, आणि प्रत्येक उंचीवर एक उन्हाच्या बाजूला, एक सावलीच्या. दोन बटणांचा अभ्यास करू नका. एक हरवलं की काहीच उरत नाही.

हिमालयात बटण याहून अधिक सांगतं. केदारनाथ-तुंगनाथच्या बाजूला धोंड्यांच्या राशींत रॉयलचा पायका असतो. तिथे बटणं जोडीने ठेवा, एक राशीच्या पृष्ठभागावर सावलीत आणि दुसरं फटीत हात पोचेल तितकं आत. दोघांतला फरक म्हणजे पायकाला मिळणारा आसरा. नोव्हेंबरनंतर खरी गंमत सुरू होते. जमिनीलगतच्या बटणावर बर्फ पडला की रोजचा चढ-उतार एकदम सपाट होतो. दिवस-रात्रीत दहा-पंधरा अंश हलणारी रेषा एका अंशाच्या आत थबकते. ज्या दिवशी ती सपाट झाली तो बर्फाचं आच्छादन पडल्याचा दिवस. वसंतात ती बरोबर शून्यावर कित्येक दिवस चिकटून राहते, कारण वितळणारा बर्फ सगळी उष्णता खाऊन टाकतो. मग अचानक दिवसा उसळते, तो बर्फ सरल्याचा दिवस. तापमापकाने बर्फाची तारीख मिळते, तीही दीड तासाच्या नेमकेपणाने! मात्र त्यासाठी शून्याची दुरुस्ती अचूक हवी. कॅलिब्रेशनचा आग्रह इथे फळाला येतो.

बर्फाची तारीख महत्त्वाची, कारण थंड हवेच्या प्राण्यालाही थंडी मारते. बर्फाची जाड गोधडी असली की खाली शून्याच्या आसपास राहतं. ती उशिरा पडली किंवा पातळ राहिली की उणे १० ची हवा थेट फटीत उतरते. अमेरिकेच्या ग्रेट बेसिनमध्ये पायकाच्या जुन्या २५ ठिकाणांवर अशाच लॉगरच्या, म्हणजे आपोआप नोंदी घेणाऱ्या यंत्रांच्या मदतीने तपास झाला. २८ अंशांवरच्या दिवसांची मोजदाद, उन्हाळ्याची सरासरी आणि उणे ५, उणे १० च्या खालचे दिवस अशी तुलना केली, तर पायका कुठून नाहीसा झाला हे उन्हाळ्याच्या सरासरीने आणि हिवाळ्यातल्या उघड्या थंडीने अधिक चांगलं सांगितलं. तीव्र उन्हाच्या दिवसांनी तितकं नाही. तिथे पायकाची खालची सीमा १९९९ नंतरच्या दशकात सुमारे १४५ मीटर वर गेल्याचं नोंदलं गेलं. तेव्हा फक्त मे-जूनच्या नोंदी घेऊन परत येणाऱ्यांनी बटण हिवाळाभर तिथेच राहू द्यावं.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. बटणाला सूचना द्यायचं आणि नोंदी उतरवायचं वनवायरव्ह्यूअर जुनाट आहे, जावावर चालतं आणि दिसायला रूक्ष आहे, पण विश्वासू आहे. बटण वाचायला डीएस९४९०आर यूएसबी ॲडॉप्टर आणि डीएस१४०२ मालिकेतली वायर लागते. ती वेगळी घ्यावी लागते, मागवायला विसरू नका. ड्रायव्हर आधी टाका आणि ॲडॉप्टर नंतर लावा. उलट केलं की संगणक चुकीचा ड्रायव्हर धरून बसतो. नवी मोहीम, म्हणजे नोंदींची नवी फेरी, सुरू करताना संगणकाची वेळ आधी बरोबर करा, घड्याळ जुळवा, ‘रोलओव्हर’ची खूण काढून टाका. ती राहिली तर जागा भरल्यावर बटण सुरुवातीच्या नोंदी पुसून त्यांवर नव्या लिहितं आणि तुमचा पहिला उन्हाळा जातो. सुरुवात लांबवायची सोयही वापरा, म्हणजे रेल्वेतल्या आणि सॅकमधल्या नोंदींत जागा वाया जात नाही. डीएस१९२१जी मध्ये ही लांबणी जास्तीत जास्त ४५ दिवसांची. सगळं भरून झालं की बटण काढा, पुन्हा लावा आणि मोहीम चालू असल्याची खात्री करा. टेकण नीट झालं नसलं तर बटण रिकामंच डोंगरावर जातं. परत आल्यावर आधी नोंदी दोन ठिकाणी साठवा, मगच पुढची मोहीम द्या, कारण नवी मोहीम जुनं सगळं पुसते.

पाणी हा याचा शत्रू. बटणाचा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपी ५६ आहे, म्हणजे ते पावसाचे फवारे सोसेल, बुडवणं सोसणार नाही. इगतपुरीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तिथे खळग्यात ठेवलेलं बटण आठवडेच्या आठवडे पाण्यात राहतं. पाणी कडेच्या सांध्यातून शिरलं की बटण मेलं. सेल बदलता येत नाही आणि आतल्या नोंदीही बहुधा जातात. रबरी द्रावणात बुडवून लेप देतात, त्याने पाणी थांबतं, पण वाचनात काही दशांश अंशांपासून अंशाच्या आसपासपर्यंत फरक पडू शकतो. लेप द्यायचा असेल तर कॅलिब्रेशनच्या आधी द्या आणि सगळ्या बटणांना सारखाच द्या. कंपनीची जलरोधक कुपी (डीएस९१०७) जास्त खात्रीची आहे, तिच्यात बटण थोडं मंद होतं इतकंच. दीड तासाच्या नोंदींना त्याने फरक पडत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत ठेवणार असाल तर कुपीचे पैसे आधीच धरा.

पर्याय कोणते? ऑनसेटचं होबो पेंडंट एमएक्स२२०१ फोनवर ब्लूटूथने वाचता येतं, पाण्यात ३० मीटरपर्यंत चालतं आणि त्याचा सीआर२०३२ सेल बाजारात कुठेही मिळतो. नोंदी साधारण ९६ हजार मावतात. अचूकता डीएस१९२२एल इतकीच, आकार मात्र मोठा आणि अरुंद फटीत ते मावत नाही. उघड्या जागेसाठी आणि ओढ्यासाठी आम्ही तेच सुचवू. टॉम्स्ट कंपनीचं टीएमएस-४ हे माती, जमिनीलगत आणि १५ सेंटिमीटर वर अशा तीन ठिकाणी तापमान मोजतं, शिवाय मातीतला ओलावाही. कंदीलपुष्पासारख्या वनस्पतीच्या अभ्यासाला ते आयबटनपेक्षा सरस आहे, पण खडकात रोवता येत नाही. द्राक्षाच्या कंटेनरमध्ये टाकतात ते एकदाच वापरायचे लॉगर नाशिकमध्ये सहज मिळतात. ते प्रवासातल्या शीतसाखळीसाठी बनवलेले असतात, पाऊस आणि वर्षभराची मुदत त्यांना झेपत नाही.

खरेदी आयातदारांमार्फत होते, किंमत विनिमयदराबरोबर हलते आणि रीडरचा, म्हणजे ॲडॉप्टर आणि वायरचा, खर्च एकदाच येतो. म्हणून चार-पाच गटांनी मिळून एक रीडर घेणं शहाणपणाचं. बटण हातात आल्यावर पाठीवरचा उत्पादनाचा वर्ष-आठवड्याचा आकडा पाहा. सेल आत सीलबंद असल्याने फार जुना साठा परत करा. दहा बटणांचं काम असेल तर बारा मागवा. दोन घरी, सावलीत, तशीच चालू ठेवा, डोंगरावरचं बटण बिघडलं की नाही हे ठरवताना त्यांची गरज पडते.

अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, कळसूबाई अभयारण्यात आहे, केदारनाथही अभयारण्यच. अशा ठिकाणी वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही बटण ठेवू नका, आणि अर्ज करताना प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश जोडा. परवानगीला वेळ लागतो. सह्याद्रीसाठी पाऊस संपताच ऑक्टोबरच्या सुरुवातीला बटणं लागली पाहिजेत, तर अर्ज जूनमध्येच जायला हवा. ठेवताना प्रत्येक जागेचे तीन फोटो घ्या: दुरून, जवळून, आणि बटणाच्या पाठीवरचा क्रमांक वाचता येईल असा. वहीत उंची, उताराची दिशा, जमिनीपासूनचं किंवा फटीतलं अंतर, बटण हवेत आहे की दगडाला टेकलेलं, आणि ठेवल्याची वेळ मिनिटासह लिहा. हातात धरल्याने बटण तापलेलं असतं, त्यामुळे त्या वेळेनंतरचा पहिला तास हिशेबातून वगळा.